शुद्ध आली, आता हृदयाकडे लक्ष द्या

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत. महिन्यापूर्वी फवारणी करताना पंपाचं झाकण सैल होतं आणि औषध पाठीवरून गळत होतं. एवढं रान उरकून टाकू म्हणून ते थांबले नाहीत. दुपारी घरी आले ते घामाने निथळत. तोंडातून लाळ, उलट्या, डोळ्यांना धूसर दिसत होतं. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली. कार्डावर 'ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधा' असं लिहिलं आहे. तीन दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. चौथ्या दिवशी नळी काढली, आमच्याशी बोलले, आम्हाला वाटलं सुटलो. त्याच रात्री मॉनिटर वाजायला लागला, सगळे धावले, छातीवर शॉक द्यावा लागला.

डॉक्टर म्हणाले, विषाचा हृदयावर परिणाम झालाय, क्यूटी वाढलाय. ट्रोपोनिनही वाढलं होतं. नातेवाईक म्हणतात हा हार्ट अटॅकच, अँजिओग्राफी करून घ्या. कुणी म्हणतं, ॲट्रोपिनची एवढी इंजेक्शनं टोचली त्यानेच हृदय बिघडलं. काही जण तर मला बाजूला घेऊन विचारतात, 'नुसत्या फवारणीने एवढं होत नाही, खरं सांग, प्यायले होते का?' आता घरी आहेत. अशक्तपणा आहे, रात्री छातीत धडधडतं. म्हणतात, पुढच्या आठवड्यापासून पंप उचलतो. मी काय करू?

त्या दिवशीचे त्यांचे कपडे मीच हाताने धुतले. मलाही दोन दिवस डोकेदुखी आणि मळमळ होती, पण ती धावपळीने असेल.

सल्ला

ताई, सगळ्यात घाईचा प्रश्न आधी घेतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी पंप उचलायचा नाही. या हंगामात तर नाहीच. का ते पुढे सांगतो, तो भाग तुम्ही त्यांना वाचून दाखवलात तर बरं होईल. दुसरं, रात्रीची धडधड अशक्तपणावर ढकलून सोडून देऊ नका. ज्याच्या हृदयाची लय एकदा इतकी बिघडली की शॉक द्यावा लागला, त्याच्या धडधडीला तपासल्याशिवाय साधी म्हणता येत नाही. हे वाचल्यावर उद्या-परवाच ईसीजी काढून घ्या.

आता तुम्हाला बाजूला घेऊन विचारणाऱ्यांचं उत्तर. फवारणीने एवढं होतं. ऑरगॅनोफॉस्फेट ही कीटकनाशकांची एक जात. ही विषं तेलकट द्रावणात असतात आणि अखंड कातडीतूनही आत शिरतात. कातडीच्या कोणत्या भागातून किती विष शिरतं हे हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली मोजून दाखवलं. पॅराथिऑन हे याच जातीचं कीटकनाशक त्यांनी स्वयंसेवकांच्या कातडीवर अगदी अल्प प्रमाणात लावलं. कोपराखालच्या हातावरून सुमारे ९ टक्के आत गेलं, कपाळावरून ३६, काखेतून ६४ आणि अंडकोषावरच्या पातळ कातडीतून जवळजवळ सगळंच. पाठीवरच्या पंपातून गळलेलं औषध कुठून कुठे ओघळत जातं ते डोळ्यांसमोर आणा. पाठ, कंबर, मग चड्डीच्या आत जांघेपर्यंत. वर ऊन, घाम आणि अंगाला चिकटलेला ओला कपडा. ते कपडे दोन-तीन तास अंगावर राहिले असतील तर तोंडाने एक थेंबही न घेता माणूस व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो.

आणि समजा कुणी खरोखरच प्यायला असता, तरी हृदयावर होणारा परिणाम तोच असता, उपचारही तेच लागले असते, आणि त्या माणसाला आपल्या माणसांची गरज जास्तच असती. त्यामुळे त्या प्रश्नाची लाज तुम्ही बाळगू नका. मात्र एक करा. एकदा शांतपणे, एकट्यात, त्यांना विचारा की मनात काही वाईट येतं का. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाचं मन खचतं, हाताशी काम नसलं की आणखी खचतं. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. आणि उरलेले डबे घरात ठेवू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात, कुलपात राहू देत.

विष कातडीतून गेलं, मग हृदय कसं बिघडलं, हा तुमच्या पत्राचा गाभा आहे. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो असेटिलकोलीन नावाच्या रसायनातून. गंमत अशी की हे रसायन काम करताना पहिल्यांदा पकडलं गेलं ते हृदयावरच. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर त्याला कुणी हातही न लावता तेही मंदावलं. म्हणजे नसेतून काहीतरी रस सुटत होता आणि तोच हृदयाला 'हळू' म्हणून सांगत होता. पुढे १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना यासाठी नोबेल मिळालं.

निरोप पोहोचला की असेटिलकोलीन तिथल्या तिथे मोडून टाकायचं काम असेटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम करतं, सेकंदाला हजारो रेणू या वेगाने. ऑरगॅनोफॉस्फेट नेमकं याच एन्झाइमला जाऊन चिकटतं. मोडणारा अडकला की असेटिलकोलीन साचत जातं आणि नसांचा निरोप थांबतच नाही. तुम्ही पाहिलेली लाळ, घाम, उलट्या, धूसर नजर, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीतली घरघर हे सगळं त्या साचलेल्या रसायनाचं काम. लोवींच्या बेडकाच्या हृदयाचं जे झालं तेच माणसाच्या हृदयाचंही होतं. ठोके मंदावतात, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा विद्युत इशारा रेंगाळतो किंवा मध्येच अडतो, रक्तदाब कोसळतो.

पण गोष्ट इतकी सरळ नसते, आणि इथेच घरचे गोंधळतात, कधी कधी नवखे डॉक्टरही. असेटिलकोलीन फक्त 'हळू' सांगणाऱ्या नसांतच नसतं. 'पळ' सांगणाऱ्या नसांच्या गाठींतही तेच असतं, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या, ॲड्रिनलिन सोडणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीलाही तेच चेतवतं. त्यामुळे सुरुवातीला काही काळ ठोके उलट वाढलेले, रक्तदाब चढलेला दिसू शकतो. नाडी जोरात आहे म्हणजे विषबाधा नाही, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चुकीचा. लुडोमिरस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली या विषबाधेत हृदयावर होणाऱ्या परिणामांच्या तीन अवस्था मांडल्या. आधी थोडा वेळ नाडी आणि दाब चढण्याची, मग बराच काळ मंदावण्याची, आणि तिसरी क्यूटी लांबण्याची. प्रत्येक रुग्णात या तिन्ही अवस्था ओळीने दिसतात असं नाही. पण तुमच्या घरी जे झालं ते या तिसऱ्या अवस्थेचं अगदी ठळक उदाहरण आहे.

क्यूटी म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढचे काही आठवडे हा शब्द तुमच्या कानावर पडत राहील. हाताने दाब भरायच्या फवारणी पंपात प्रत्येक वेळी पुन्हा दाब भरावा लागतो, तसं हृदयाच्या पेशींना प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी विद्युतदृष्ट्या पुन्हा तयार व्हावं लागतं. ठोक्यासाठी पेशी पेटल्यापासून त्या पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ ईसीजीवर क्यू आणि टी या दोन खुणांमध्ये मोजतात. नाडीच्या वेगाप्रमाणे तो हिशेबाने सुधारून घेतला की त्याला क्यूटीसी म्हणतात. पुरुषांत तो साधारण ४५० मिलिसेकंदांच्या आत असायला हवा. ५०० च्या वर गेला की धोका खराच. मग काही पेशी तयार आणि काही अजून अर्ध्या वाटेवर असताना मधेच एखादा चुकार ठोका पडला, तर खालचे कप्पे वेडेवाकडे, अतिवेगाने फडफडायला लागतात. ईसीजीवर ती रेघ पिळलेल्या फितीसारखी दिसते. फ्रान्सच्या देसेर्तेन यांनी १९६६ साली या लयीचं वर्णन केलं आणि तिला 'तोर्साद द पॉइंत' हे नाव पडलं. ती काही सेकंदांत आपोआप थांबली तर माणसाला नुसती भोवळ येते. नाही थांबली तर हृदय रक्त ढकलेनासं होतं आणि शॉक द्यावाच लागतो. त्या रात्री मॉनिटर वाजला तेव्हा बहुधा हेच घडत होतं. जवळ माणसं होती, यंत्र होतं, म्हणून ते आज घरी आहेत.

क्यूटी वाढायला एकच कारण नसतं. विषाचा हृदयावरचा थेट परिणाम, दोन विरुद्ध नसांची ओढाताण, श्वास कोंडल्याने कमी पडलेला प्राणवायू, रक्तात वाढलेलं आम्ल, उलट्या-जुलाबांतून निघून गेलेलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, असं बरंच काही एकत्र येतं. म्हणूनच लाळ-घाम थांबले, माणूस बोलायला लागला, तरी ईसीजी मागे राहू शकतो. बाहेरची लक्षणं ओसरल्यावर काही दिवसांनीही अशी लय बिघडल्याच्या नोंदी आहेत. आयसीयूत नातेवाईक मला विचारतात, 'बोलतोय की, मग वॉर्डात का नेत नाही?' त्यांना मी हेच सांगतो. शुद्ध आली म्हणजे मेंदू जागा झाला. हृदय सावरलं की नाही ते फक्त ईसीजी सांगतो.

बोलायला लागलेल्या रुग्णाला लगेच न सोडण्याचं आणखी एक कारण आहे, आणि तेही शेवटी हृदयाशीच येऊन मिळतं. १९८७ साली श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियड्डे यांनी विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत येणाऱ्या एका वेगळ्याच लुळेपणाचं वर्णन केलं. त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. आधी मान जड होते. रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगा, तो उचलू शकत नाही. पाठोपाठ श्वासाचे स्नायू थकतात, आणि प्राणवायू घटला की आधीच दुखावलेलं हृदय पुन्हा गोत्यात येतं. ॲट्रोपिनचा या स्नायूंवर काही उपयोग होत नाही, व्हेंटिलेटरच लागतो.

ॲट्रोपिनचा विषय निघालाच आहे तर तो आरोप पुसून टाकू. ॲट्रोपिनने हृदय बिघडलं नाही, ॲट्रोपिनने ते वाचवलं. साचलेलं असेटिलकोलीन हृदयावर आणि फुफ्फुसांवर जिथे जाऊन बसतं, ती जागा ॲट्रोपिन अडवतं. ते दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत देतात, छातीतली घरघर कोरडी पडेपर्यंत, नाडी ८० च्या वर आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर येईपर्यंत. त्यात नाडी १२० झाली, तोंड कोरडं पडलं, रुग्ण बरळायला लागला, हे बघून घरचे घाबरतात. मात्रा जास्त झाली तर बरळणं, ताप, लघवी अडणं होतं, ते खरं आहे, आणि मग डॉक्टर मात्रा उतरवतात. पण नाडी वाढेल या भीतीने ॲट्रोपिन हात राखून दिलं तर माणूस आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडतो. प्रॅलिडॉक्सिम नावाचं दुसरं औषध चिकटलेलं विष एन्झाइमवरून सोडवण्यासाठी असतं, पण त्याला वेळेची मर्यादा आहे. काही ऑरगॅनोफॉस्फेट काही तासांतच कायमची जखडतात, काहींना दिवसाहून जास्त लागतो.

आता 'हार्ट अटॅक' म्हणणाऱ्यांकडे येऊ. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, ते रक्तात वाढलं याचा अर्थ त्या स्नायूला इजा झाली, एवढाच. ती इजा रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळेच झाली असं त्यावरून ठरत नाही. या विषबाधेत प्राणवायूची कमतरता, कोसळलेला दाब, ॲड्रिनलिनचा मारा आणि खुद्द विष यांनी स्नायू जागोजागी दुखावतो. दगावलेल्या रुग्णांच्या हृदयात ठिपक्याठिपक्यांनी मेलेला स्नायू आणि सूज सापडल्याच्या नोंदी आहेत. रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही असं होतं. म्हणून आज सरसकट अँजिओग्राफी करा असं मी म्हणणार नाही. छातीत दुखणं, ईसीजीवर अटॅकसारखे बदल, मधुमेह, तंबाखू, घरात लहान वयात हृदयरोग, यांपैकी काही असेल तर हृदयरोगतज्ज्ञ ते ठरवतील. आधी इको करा. हृदय किती जोराने रक्त ढकलतंय ते त्यात दिसेल, आणि दवाखान्यातला इको कमी आला असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा करून बघा. असा दुखावलेला स्नायू बऱ्याचदा सावरतो. यावर माझा भर आहे, कारण तुमच्या पत्रात भीती फार दिसते.

ईसीजीला जाल तेव्हा नुसतं 'नॉर्मल आहे' एवढ्यावर परत येऊ नका. क्यूटीसीचा आकडा कागदावर लिहून मागा आणि डिस्चार्जच्या वेळच्या आकड्याशी ताडून बघा. सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन तपासा. धडधड रोज रात्री होत असेल तर २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर लावतात. ते लावून घरी नेहमीसारखं झोपायचं असतं, दुखत काही नाही. या सगळ्यात काही निघालं नाही तर धडधड अशक्तपणाची, कमी झोपेची किंवा भीतीची असू शकते. आयसीयूतून आलेल्या माणसाला रात्री दचकून जाग येणं फार सर्रास दिसतं. पण ते शेवटी म्हणायचं, आधी नाही.

नाडी मोजायला शिकून घ्या. त्यांचा तळहात वर करा, अंगठ्याच्या बाजूने मनगटाच्या रेषेखाली आपली पहिली दोन बोटं हलकेच टेकवा, जोरात दाबू नका. घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण आपल्याला आकड्याबरोबर लयही बघायची आहे. ठोके सारख्या अंतराने पडतात का, मधे एखादा गळतो का, एकदम धावतात का, ते वहीत वेळेसकट लिहा. ही वही तुमच्या डॉक्टरांना फार उपयोगी पडेल.

डोळ्यांपुढे अंधारी आली, क्षणभर का होईना शुद्ध गेली, धडधडीबरोबर छातीत दुखलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर सकाळ व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा. ते कोसळले, हाक मारून ओ देत नाहीत आणि श्वास नीट चालत नाही असं झालं, तर कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगून तुम्ही लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. घरातल्या आणखी एकाला हे शिकवून ठेवा.

यानंतरचा मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. रोजच्या वापरातली काही औषधंही क्यूटी लांबवतात. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडोन, घसा-खोकल्यासाठी सर्रास दिलं जाणारं अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, क्लोरोक्विन, झोप-मानसिक त्रासासाठीची हॅलोपेरिडॉल, सिटालोप्रामसारखी काही औषधं. एरवी ती लाखो लोक सुखरूप घेतात. पण तुमच्या मिस्टरांचा क्यूटी पूर्ववत होईपर्यंत सर्दी-तापाला मनाने गोळी आणायची नाही. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी सांगा, 'यांचा क्यूटी वाढलेला होता.' हे वाक्य पाठ करून ठेवा. आणि यांपैकी एखादी गोळी चालू असेलच तर ती आपल्या मनाने बंदही करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा.

पंप का नाही उचलायचा ते आता. त्यांच्या शरीरातलं एन्झाइम विषाने जखडलं आहे आणि नवीन तयार व्हायला वेळ लागतो. रक्तद्रवातलं कोलिनएस्टरेज साधारण चार ते सहा आठवड्यांत भरून येतं. पण नसांमधल्या एन्झाइमशी जास्त मिळतंजुळतं असतं ते तांबड्या पेशींवरचं. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, जुन्या जाऊन नव्या येतील तसं ते दिवसाला साधारण एक टक्का या गतीने वाढतं. म्हणजे पूर्ववत व्हायला तीन-चार महिने. ते अर्ध्यावर असताना पुन्हा फवारणी केली, तर एरवी नुसती डोकेदुखी झाली असती एवढ्याशा मात्रेनेही ते पुन्हा कोसळू शकतात, आणि या वेळी हृदय आधीच दुखावलेलं असेल. तपासणीत रक्तद्रवातला आकडा चांगला आला तरी त्यावर विसंबून पंप हातात देऊ नका. घराचं पोट या कामावर आहे हे मला कळतं. पण या हंगामाची फवारणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, आणि त्याला धड पंप, हातमोजे, अंग झाकणारे कपडे द्या. गळका पंप त्याच्याही पाठीवर नको.

वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगावर घेण्याबद्दलही एक सांगतो. हवाईमध्ये जपानी वंशाच्या पुरुषांच्या एका मोठ्या गटावर १९६० च्या दशकापासून कित्येक दशकं लक्ष ठेवलं गेलं. कामावर कीटकनाशकांशी जास्त संबंध आलेल्यांमध्ये पहिल्या दहा वर्षांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका ४५ टक्के जास्त दिसला. अशा पाहणीतून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही, पण रक्तदाब, साखर, तंबाखू याकडे तुमच्या घरी दुर्लक्ष चालणार नाही, एवढं मी त्यातून घेतो.

सगळी कीटकनाशकं एकाच वाटेने जात नाहीत. कार्बोफ्युरान, मेथोमिल यांसारखी कार्बामेट याच एन्झाइमला धरतात, पण साधारण एक-दोन दिवसांत आपोआप सोडतात. एन्डोसल्फान, लिंडेन या जुन्या जातीची विषं हृदयाला ॲड्रिनलिनसाठी जास्त संवेदनशील करून लय बिघडवतात. एन्डोसल्फान २०११ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदीच्या यादीत गेलं. हृदयाच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती धान्य टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो पेशींच्या आतला ऊर्जेचा शेवटचा टप्पाच बंद पाडतो. सतत काम करणाऱ्या हृदयाला याचा फटका सगळ्यात आधी बसतो. दाब औषधांनाही जुमानत नाही, आणि त्याला उतारा नाही. अशा गोळ्या टाकलेल्या खोलीत किंवा तिच्या शेजारच्या बंद खोलीत कुणी झोपायचं नाही, आणि त्या उघड्या कधीही ठेवायच्या नाहीत.

पुन्हा कुणाच्या अंगावर औषध सांडलंच तर हातमोजे घालून आधी कपडे उतरवा, साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखं धुवा. उलटी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका, शुद्ध नसेल तर कुशीवर ठेवा. डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या, त्यावरचं तांत्रिक नाव डॉक्टरांना हवं असतं. तुमच्याकडच्या कार्डावर फक्त 'ऑरगॅनोफॉस्फेट' आहे. डबा अजून असेल तर त्यावरचं नाव आजच कार्डावर लिहून ठेवा.

राहिल्या तुम्ही. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंत त्यावर मी थबकलो. विषाने भिजलेले कपडे उघड्या हाताने धुतल्यावर डोकेदुखी आणि मळमळ झाली, ती धावपळीने नसावी. विष तुमच्याही तळहातांतून आत गेलं असण्याची शक्यता बरीच आहे. महिना उलटून गेलाय, त्यामुळे आज घाबरण्यासारखं नाही. तरी त्यांच्या ईसीजीला जाल तेव्हा तुमचाही काढून घ्या, डॉक्टरांना हे सांगा आणि कोलिनएस्टरेज तपासायचं का ते विचारा. ते कपडे अजून घरात असतील तर कुणी घालू नका. असे चिंब झालेले कपडे धुऊनही पूर्ण स्वच्छ होतात असं नाही, ते टाकूनच द्यायचे असतात. यापुढे फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, मुलांच्या कपड्यांपासून लांब धुवा. तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर त्या कपड्यांना हातच लावू नका आणि डॉक्टरांना ते आधी सांगा.